येथे डायरेक्ट करून मिळणार नाही

पेणच्या त्या रस्त्यावर काकूंएवढा मोठा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि काकूंएवढी शांतताही दुसरं कुणी मागत नव्हतं. दुकानाच्या पायरीवरून त्या आत बसलेल्या नवऱ्याला चहा टाकायला सांगत, तर समोरचा भाजीवाला दचकून विचारी, "काय गो वयनी, काय झाला?" असा आवाज. पण गाडीचं बॉनेट उघडलं की त्याच काकू उजव्या हाताचा पंजा वर करत आणि म्हणत, "गप!" मग गाडीचा मालक गप, ड्रायव्हर गप, उगाच बघायला थांबलेले रिकामटेकडे गप. एकदा तर शेजारच्या न्हाव्याने हातातली कात्री थांबवली होती. त्याचं गिऱ्हाईक अर्धी मिशी घेऊन श्वास रोखून बसलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

ही सगळी शांतता एका एवढ्याशा आवाजासाठी असे. काकू ऑटो इलेक्ट्रिकची कामं करत आणि त्यांचा जीव होता रिलेवर. रिले म्हणजे काडेपेटीहून लहान अशी काळी चौकोनी डबी. दिवे, हॉर्न, रेडिएटरचा पंखा अशा जास्त करंट खाणाऱ्या वस्तू ती चालू-बंद करते. स्विच दाबला की डबीतल्या तारेच्या गुंडाळीत करंट जातो, आतली पट्टी ओढली जाते आणि 'टिक' असा आवाज येतो. आपल्यासारख्यांना तो ऐकूही येत नाही. काकू मात्र तो कानाने ऐकत, बोटाच्या टोकाने चाचपत आणि मग निकाल देत. मला सगळ्या टिका सारख्या वाटायच्या. काकूंना त्यात दमलेली, रुसलेली, ढोंगी अशा जाती कळत. "ही टिक लबाड हाय," त्या म्हणत. "वाजते झकास, पन काम करत नाय. नवऱ्यासारखी." आत स्टुलावर बसलेले भाऊ, म्हणजे काकूंचे यजमान, यावर सगळ्यांच्या आधी हसत.

मी त्या वेळी पेणहून पापड, मिरगुंडं आणि पोहे रोह्याच्या दुकानांत पोचवायचो. आईने घरात पापडांचा धंदा उभा केला होता. मी एक जुनी पांढरी व्हॅन विकत घेतली आणि त्या धंद्याला 'डिस्ट्रिब्यूशन' असं भारदस्त नाव दिलं. काकूंनी माझं नाव कधी विचारलं नाही. पहिल्या दिवसापासून मी 'पापडवाल्या'. माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तेव्हा त्यांनी वर नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पत्रिकेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यो कोन? पापडवाल्याचं लगीन नाय का?"

पहिल्यांदा गेलो ते गाडीचे दिवे मधेच विझायचे म्हणून. काकूंनी मला दिव्यांचा स्विच पुन्हा पुन्हा दाबायला लावला आणि स्वतः डोळे मिटून बॉनेटवर वाकल्या. मग म्हणाल्या, "गेली ही. बदलायची." रिले बदलताना त्यांना पाहणं हा एक सोहळाच होता. आधी बॅटरीची वायर सोडायची. मग हात साडीच्या पदराला नव्हे, खास त्यासाठी ठेवलेल्या धुतल्या फडक्याला पुसायचे. जुनी डबी हलवत-डुलवत नाही, सरळ वर ओढायची. तिचे पाय उजेडात धरायचे, हिरवट गंज आहे का पाहायचं, खाचेतल्या पट्ट्या साफ करायच्या आणि नवी डबी अंगठ्याने दाबायची. ती बसली की काकू एक हुंकार देत. शेवटी सुरीच्या टोकाने जुनी डबी फोडून आतला जळून काळा पडलेला ठिपका मालकाला दाखवत. "बघ. एवढ्याशा डागापायी तू धडपडला असतास." माझ्या गाडीतला तो काळा ठिपका मी बराच वेळ बघत राहिलो होतो. एवढीशी गोष्ट आणि तिच्या मागे एवढं डोळे मिटून ऐकणं, हे काही मी आधी कुठे पाहिलं नव्हतं.

काकूंना आपल्या कामाचा अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. "पनवेलपासून महाडपर्यंत माझ्यासारखा कान दाखव," असं आव्हान त्या कुणालाही देत. विनय वगैरे गोष्टी त्यांनी दुसऱ्यांसाठी सोडल्या होत्या. दुकानाच्या दारावर भाऊंचं नाव होतं, आणि त्याखाली तांबड्या रंगात, नावापेक्षा मोठ्या अक्षरांत, एक ओळ होती: 'येथे डायरेक्ट करून मिळणार नाही.'

ज्यांनी त्या काळात गाड्या चालवल्या आहेत त्यांना डायरेक्ट म्हणजे काय ते सांगायला नको. रिले गेली, नवी मिळेना किंवा थांबायला वेळ नाही, की कुणीही उठायचा आणि म्हणायचा, "डायरेक्ट करा ना!" मधली रिले काढून टाकायची, फ्यूजलाही वळसा घालायचा आणि बॅटरीकडून सरळ वायर ओढायची. दिवे लागतात, पंखा फिरतो, गाडी पळते. वायर तापू लागते ते मात्र कुणाला दिसत नाही. आमच्या हायवेवर अशा डायरेक्ट गाड्या काय कमी होत्या! बहुतेकांचं काही बिघडतही नसे. म्हणून तर लोक काकूंवर चिडत. एकदा एका पुढाऱ्याची जीप आली. सभेची वेळ झालेली, कार्यकर्ते ओरडायला लागलेले. पुढारी स्वतः खाली उतरले आणि गोड आवाजात म्हणाले, "ताई, आजच्यापुरतं डायरेक्ट करा." काकूंनी पाटीकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "मी सांगतोय." काकू म्हणाल्या, "मग तुमीच करा. मी लांब हुभी ऱ्हाते." पुढारी एसटीने सभेला गेले. जीप दुसऱ्या दिवशी नव्या रिलेसकट परत गेली आणि निवडणुकीत त्यांनी हात जोडले ते काकूंच्या दुकानासमोर जरा जास्तच वाकून.

हे वेड कुठून आलं ते भाऊंच्या हातांकडे पाहिलं की कळे. मूळचे मिस्त्री भाऊ. एका वरातीच्या जीपची रिले गेली होती, नवरदेवाकडचे घाई करत होते, आणि भाऊंनी डायरेक्ट करून दिलं. जीप हलणार एवढ्यात बॉनेटमधून धूर निघाला. आत गाडीभर बायका आणि पोरं बसलेली. भाऊंनी मागचापुढचा विचार न करता पेटती वायर दोन्ही हातांनी धरून उपटली. गाडी वाचली, माणसं वाचली. भाऊंचे तळवे असे जळले की नंतर बोटं पुरती मिटेनात. मग भाऊ स्टुलावर बसून सांगू लागले आणि काकू करू लागल्या. "डोका त्यांचा, हात माझे," असं त्या म्हणत. पुढे डोकंही काकूंचंच चालू लागलं, तरी हे वाक्य त्यांनी बदललं नाही. भाऊही गिऱ्हाइकाला सांगत, "मी शिकवलेली एकच शिष्या, पन मला इचारत नाय आता." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असे ते पाहून मला बायको असावी तर अशी, असं वाटे. पुढे मिळाली तिला मी हे अजून सांगितलेलं नाही.

काकू खाडीकडच्या मिठागरावरच्या. आवाज तिथला. या कडेच्या आगरातून त्या कडेच्या बापाला जेवायला हाक मारायची, तीही समुद्राच्या वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे गळा तयार व्हायलाच हवा. मीठ त्यांच्या बोलण्यात सारखं येई. आमच्याकडच्या गाड्यांच्या वायरी लवकर का खराब होतात असं मी विचारलं, तेव्हा त्या बॉनेटवर हात टेकून उभ्या राहिल्या. "मिठानं माझ्या बापाचं पाय खाल्लं. कातडी, बोटं, समदा. ते तांब्याला काय सोडनार?" मग लगेच माझ्यावर ओरडल्या, "आनि तू काय गाडी खाडीच्या बांधावर नेऊन लावतोस रे हवा खायला!"

दसऱ्याच्या दिवसांत काकूंचा पारा वेगळाच असे. आपण लोक गाडीची पूजा करतो म्हणजे काय करतो? गाडी धुतो, झेंडूची माळ घालतो, बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू लावतो आणि भक्तीच्या भरात नारळ फोडून त्याचं पाणी आत शिंपडतो. ते गोड पाणी रिलेत आणि फ्यूजच्या पेटीत शिरतं, चिकट होतं, मुंग्या येतात आणि दिवाळीपर्यंत निम्मा तालुका काकूंच्या दारात. काकू स्वतः देवभोळ्या. श्रावणात चप्पल न घालणाऱ्या. देवाला नको कसं म्हणणार? मग त्यांनी मार्ग काढला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडून पापडाच्या प्लास्टिकच्या पिशव्या घेत आणि दारात येईल त्या गाडीच्या रिलेवर पिशवी चढवून दोऱ्याने बांधत. "आता कर पूजा. गंगा वत. काय बी वत." एकदा भटजींनी विचारलं, हे काय. काकू शांतपणे म्हणाल्या, "सोवळं हाय." भटजींनी पिशवीवरच हळदकुंकू वाहिलं.

माझ्या गाडीला मी हौसेने दोन भोंग्यांचा मोठा हॉर्न बसवून घेतला तोही काकूंकडूनच. त्या बसवताना मला घालूनपाडून बोलत होत्या. "पापड विकतोस का आगीचा बंब चालवतोस?" पण एवढा हॉर्न साध्या स्विचवर चालवला तर स्विच जळेल, म्हणून त्याला त्यांनी वेगळी रिले लावली. रेडिएटरच्या पंख्याची होती तशीच, चार पायांची.

आता वैजूबद्दल सांगायला हवं. वैजू ही काकूंची एकुलती एक मुलगी. आईच्या आवाजाची सगळी कसर हिने भरून काढली होती. बोलायला लागली की आपणच जवळ जाऊन कान द्यायचा. पण डोक्याने तल्लख आणि हाताने आईसारखी नेमकी. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. पास झाली, तर जिथे जाई तिथे एकच उत्तर: मुलींना शिफ्टला घेत नाही. शेवटी रोह्याच्या अलीकडे कारखान्यांची वसाहत आहे तिथल्या एका कंपनीने परीक्षेला बोलावलं. या भागात तिला बोलावणारी ती पहिली आणि बहुधा शेवटची कंपनी. सकाळी दहाला गेट बंद होईल, उशिरा येणाऱ्याला आत घेणार नाही, असा निरोप होता. ते गेट एकदा बंद झालं की वैजूने शिकलेलं सगळं घरच्या मिक्सरपुरतं उरणार होतं. हे तिला माहीत होतं, काकूंना माहीत होतं आणि मलाही.

मी रोह्याला जाणारच होतो, म्हणून दोघी माझ्या व्हॅनमध्ये बसल्या. काकूंनी ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली होती. हत्यारांची पिशवी त्यांनी सवयीने खांद्याला लावली होती, ती भाऊंनी दारात काढून घेतली. "आज तरी पोरीची आई म्हनून जा," ते म्हणाले. काकूंनी ऐकलं. भाऊंचं त्या क्वचितच ऐकत, आणि नेमकं त्या दिवशी ऐकलं.

शिमगा तोंडावर आला होता. अर्धी मुंबई कोकणात उतरत होती. वडखळला गाड्यांची रांग लागलेली, आम्ही मुंगीच्या पावलाने सरकतोय, डोक्यावर फाल्गुनाचं ऊन. पुढचं गडब गाव मागे पडलं आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढू लागला. बघता बघता तो लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मी गाडी एका सायकलच्या दुकानापाशी कडेला घेतली. काकू माझ्याआधी खाली उतरल्या होत्या.

बॉनेट उघडलं. इंजिन तापून लाल, आणि रेडिएटरचा पंखा मात्र निवांत बसलेला. काकूंनी हायवेकडे पाहून पंजा वर केला. ट्रकवाल्यांना 'गप' कोण सांगणार? मग त्यांनी डोळे मिटले, दोन बोटं पंख्याच्या रिलेवर ठेवली आणि मला चावी फिरवायला सांगितली. पुन्हा. पुन्हा. "टिक येतेय," त्या म्हणाल्या. "पन पंखा नाय. आतून जळली. बदलायला पायजे." बदलायला रिले कुठे होती? ती भाऊंनी काढून घेतलेल्या पिशवीत होती. वैजू रस्त्याच्या मधोमध जाऊन एसटीला हात करू लागली. एसट्या येत होत्या, दारात माणसं लोंबकळत होती, एकही थांबत नव्हती. ट्रकवाले नुसते हसून पुढे जात होते.

सायकलवाला भला माणूस. त्याने पाण्याची कळशी आणून दिली आणि वायरचं भेंडोळंही. "डायरेक्ट करा नि पळवा," तो म्हणाला. "कोलाडपर्यंत काय व्हत नाय." वायर हातात घेऊन वैजू आईजवळ आली. तिचा आवाज मी त्या दिवशीही नीट ऐकला नसता, पण ती रडत होती म्हणून शब्द मोठे आले.

"आये, आज डायरेक्ट कर ना गो. आजच्यापुरता."

काकूंनी वायरकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या वायरमध्ये त्यांच्या मुलीचं सगळं भविष्य होतं आणि ती जोडायला त्यांना दोन मिनिटंही लागली नसती. मला खात्री वाटली, आता जोडतील. मी जोडलं असतं. तुम्हीही जोडलं असतं. मला भीती होती ती गेट बंद होईल याची, आग लागेल याचा विचारही माझ्या मनात नव्हता.

"नाय," काकू म्हणाल्या.

"लोकान्ला नाय म्हनतेस ते ठीक हाय गो. मी पन लोकच का?"

काकूंनी वायर तिच्या हातातून घेऊन सायकलवाल्याला परत दिली. वैजू पाठ फिरवून व्हॅनच्या मागे गेली आणि तिथे उभी राहून रडू लागली. मला काकूंचा राग आला होता, हे कबूल करायला हवं. कसला हा हट्ट! इथे बाप नाही, वरात नाही, पेटती जीप नाही. पण काकू पुन्हा बॉनेटमध्ये वाकल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या एकेक वायर बोटाने मागे मागे नेत होत्या, जशा बायका तांदूळ निवडताना दाणा दाणा सरकवतात तशा. बोट फिरत फिरत माझ्या त्या दोन भोंग्यांच्या हॉर्नच्या रिलेपाशी आलं आणि थांबलं.

"पापडवाल्या," त्या वळून म्हणाल्या, "तुला हॉर्नशिवाय गाडी हाकता येते?"

मी म्हटलं, "शिमग्याच्या हायवेवर? काकू, कुणालाच येत नाही."

"येईल." त्यांनी बॅटरीची वायर सोडली. घाईतही सोडली. फडकं नव्हतं, तर ठेवणीतल्या मोरपंखी साडीच्या पदराला हात पुसले. हॉर्नची रिले सरळ वर ओढली, पंख्याची जळकी काढली, तिच्या जागी हॉर्नची अंगठ्याने दाबली आणि तो हुंकार दिला. मी चावी फिरवली. पंखा असा काही भणाणला की सायकलवाल्याने टाळी वाजवली. इंजिन निवेपर्यंत थांबलो, हळूहळू पाणी घातलं, वैजूला हाक मारली. माझ्या बोटाने सवयीने हॉर्न दाबला. काही वाजलं नाही.

"आता हॉर्न?" मी विचारलं.

"मी," काकू म्हणाल्या आणि माझ्या शेजारच्या सीटवर गुडघे टेकून कमरेपर्यंत खिडकीबाहेर गेल्या.

यापुढचा प्रवास मी कुणाला सांगतो तेव्हा लोकांना ती थाप वाटते. मिठागराच्या त्या टोकापर्यंत जाणारा आवाज काकूंनी मुंबई-गोवा हायवेवर सोडला. "ए बाजू दे रे, ट्रकवाल्या!" ट्रक बाजूला. "ओ गाडीवाले दादा, बैल आत घ्या!" बैल आत. समोरून चुकीच्या बाजूने येणारा टेंपो त्यांनी एका "आरे ए!" मध्ये शेतात उतरवला. नागोठण्याच्या पुढे शिमग्याचं पोस्त मागायला पोरं रस्त्यावर आडवी दोरी धरून उभी होती. काकूंनी लांबूनच अशी काही आरोळी ठोकली की पोरांनी दोरी टाकली आणि नमस्कार केला. एका आरामबसमधले लोक खिडक्यांतून डोकावून आमच्याकडे बघत होते. मी हसत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मागे पापडांच्या डब्यांना टेकून बसलेली वैजू एका हाताने आईची साडी घट्ट धरून होती. आई बाहेर पडू नये म्हणून. तिने रडणं केव्हा थांबवलं, मला कळलं नाही.

कोलाडला रोह्याकडे वळलो तेव्हा काकूंचा आवाज फाटला होता. वळणावळणावर त्या तरीही ओरडत होत्या. आवाज येत होता तो आता माणसाचा नव्हता, गंजलेल्या बिजागरीचा. कारखान्यांची वसाहत दिसली, कंपनीचं गेट दिसलं आणि त्याच वेळी आमच्या पुढे एक टँकर आडवा होऊन मागे-पुढे करू लागला. टँकरच्या पलीकडे वॉचमन गेटचं एक दार ओढून घेत होता. दुसऱ्याला त्याने हात घातला. काकूंनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा तोंड उघडलं. काही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जी भीती होती ती मी त्या बाईच्या डोळ्यांत आधी किंवा नंतर कधी पाहिली नाही.

तेवढ्यात माझ्या कानामागे काहीतरी फुटलं.

"ओ वॉचमन! गेट उघडा ठेवा! मी आलेय!"

वैजू. मागचं सरकतं दार उघडून ती उभी राहिली होती आणि तिच्या गळ्यातून अख्खं मिठागर बाहेर आलं होतं. टँकरवाल्याने ब्रेक दाबला. वॉचमनचा हात तिथेच थांबला. वैजूने चपला हातात घेतल्या आणि टँकरला वळसा घालून, साऱ्या वसाहतीला "आलेय! आलेय!" असं बजावत ती त्या फटीतून आत गेली. गेट तिच्या मागे बंद झालं. काकू खाली उतरल्या, रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. रडण्याचाही आवाज येत नव्हता. मी शेजारी बसलो. असल्या माणसाच्या शेजारी बसायला मिळालं, एवढंच मनात येत होतं.

वैजूला नोकरी लागली. काकूंचा आवाज मात्र गेला तो गेलाच. डॉक्टरांनी न बोलता राहायला सांगितलं, आणि काकूंना न बोलता राहायला सांगणं म्हणजे काय ते डॉक्टरांना कुठे माहीत! खरखर उरली. पुढे बॉनेट उघडलं की त्या नुसता पंजा वर करत, आणि लोक गप होत, पूर्वीपेक्षा लवकर. पंख्याची नवी रिले त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी बसवून दिली आणि हॉर्नची जागच्या जागी परत लावली. मी तो हॉर्न पुढे फारसा वाजवला नाही. वाजवावासा वाटेना.

पुढे दहाएक वर्षांत भाऊ गेले. काकूंनी दुकान बंद केलं आणि त्या वैजूकडे रोह्याला राहायला गेल्या. पापड टाकायला गेलो की मी तिथे डोकावायचो. शेवटच्या भेटीला गेलो तेव्हा त्या खाटेवर होत्या, फार बारीक झाल्या होत्या. वैजू गॅलरीत आपला कंपनीचा निळा युनिफॉर्म वाळत घालत होती. संध्याकाळची शिफ्ट होती तिची. ती शेजारणीशी काहीतरी बोलत होती आणि तिचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जात होता. इतकी वर्षं माझ्या मनात एक प्रश्न होता, तो मी त्या दिवशी विचारला.

"काकू, तेव्हा ते गेट बंद झालं असतं तर?"

त्यांना उत्तर शोधावं लागलं नाही. मी कान जवळ नेला.

"रडली असती रे. जाम रडली असती. वैजू जन्मात माझ्याशी बोलली नसती, तेपन सोसला असता." त्यांनी मान वळवून गॅलरीकडे पाहिलं. "पन आयशीशी बोलायचा नाय, ह्ये ठरवायला तरी पोर जिती पायजे ना, पापडवाल्या."